मधले नव्वद सेकंद: इंटरव्हल ट्रेनिंगचे माझे सहा महिने

२१ जानेवारी २०२४ ला टाटा मुंबई मॅरेथॉनची हाफ (२१.१ किलोमीटर) मी २ तास २३ मिनिटं ४० सेकंदांत संपवली. आदल्या वर्षी २:२४:५० लागले होते, २०२० मध्ये २:२६. मधली दोन वर्षं कोविडमुळे शर्यत झालीच नव्हती. म्हणजे चार वर्षांत अडीच मिनिटंही कमी झाली नव्हती. वय ४२, बँकेतली नोकरी, मुलगा दहावीच्या उंबरठ्यावर, आणि पहाटे पावणेपाचला उठून पळायला जाणं हा माझ्या दिवसातला एकमेव तास जो फक्त माझा असतो. त्या तासाचं काहीतरी व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

तेव्हा मला एकच उपाय ठाऊक होता: आणखी पळायचं. फेब्रुवारी ते मे मी आठवड्याचे ३० किलोमीटर ४५ वर नेले. सगळे किलोमीटर ६:५० (सहा मिनिटं पन्नास सेकंद) च्या आसपास. सोमवारी तेच, गुरुवारी तेच, रविवारच्या लांब पल्ल्यालाही तेच. मे संपताना १० किलोमीटरची वेळ जिथल्या तिथे होती आणि दादरच्या पुलाचे जिने चढताना मला दम लागत होता. उकाडा आहे म्हणून लागत असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी एक सर बसतात. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले, आता सत्तरी ओलांडलीय. जूनमध्ये मी पाणी प्यायला थांबले असताना ते म्हणाले, "ताई, दोन आठवडे बघतोय. तुम्ही रोज एकाच वेगात पळता. तुमचा सावकाश दिवस पुरेसा सावकाश नाही, आणि जोराचा दिवस तर तुम्हाला नाहीच." मी त्यांच्या शेजारी बसले ती तासभर उठले नाही.

त्यांनी दोन कामं दिली. पहिलं, ५ किलोमीटर पूर्ण जोर लावून पळायचं आणि वेळ आणून द्यायची. दुसरं, डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्यायचं. "चाळिशीनंतर वेगाचं पळायला सुरुवात करायची तर हृदय आणि रक्त बघितल्याशिवाय मी एक शब्द सांगणार नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं.

३० जूनला, रविवारी, मरीन ड्राइव्हवर ५ किलोमीटर पळाले. ३१ मिनिटं १० सेकंद. सर म्हणाले, या वेळेवरून हाफचा हिशेब केला तर २:२३ च येतो. म्हणजे दम टिकवण्यात तुम्ही कमी नाही, वरचा वेगच अडकलाय. लांब पळून जे मिळणार होतं ते मिळून झालंय.

तपासणीला ट्रेडमिल टेस्टचे १,९०० रुपये आणि रक्ताचे १,४५० रुपये गेले. ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आली. हिमोग्लोबिन मात्र १०.८ आणि फेरिटिन ९. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं आणि फेरिटिन १५ च्या खाली गेलं की अंगातला लोहाचा साठा संपत आला असं समजतात, हे मला डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं. जिने चढताना लागणारा दम उकाड्याचा नव्हता. लोहाची रोज एक गोळी, लिंबूपाण्यासोबत, चहापासून किमान तासभर लांब, तीन महिने. पळणाऱ्या प्रत्येक बाईला मी आता ही एक गोष्ट सांगते: घड्याळ आणि बूट घेण्याआधी फेरिटिन तपासा. पुढे माझी वेळ सुधारली त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि सरांनी शिकवलेल्या इंटरव्हलचा, म्हणजे जोरात आणि सावकाश असं आलटून पालटून पळण्याचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

मंगळवार, ९ जुलै हा इंटरव्हलचा पहिला दिवस ठरला होता. ७ तारखेच्या रविवारी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये बीडच्या मांडव्याच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८:०९.९१ असा राष्ट्रीय विक्रम केला. मी मुलाबरोबर मोबाइलवर पाहत होते. २८ अडथळे, ७ पाणउड्या, आणि तरी दर ४०० मीटरला साधारण ६५ सेकंद. अंगावर काटा आला. त्याच रात्री पाऊस सुरू झाला, सोमवारी पहाटेपर्यंत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलीमीटर पडला, लोकल बंद पडल्या, मंगळवारी शाळांना सुट्टी. पहिला दिवस आठवडाभर पुढे गेला.

१६ जुलैला सुरुवात झाली. शिवाजी पार्कला ट्रॅक नाही. कट्ट्याकडेची वाट आहे, आणि सकाळी तिथे चालणारे, कुत्री फिरवणारे, क्रिकेटची किट घेतलेली मुलं. त्यामुळे सरांनी अंतर न देता वेळ दिली: दोन मिनिटं जोरात, दोन मिनिटं अगदी सावकाश, असं पाच वेळा. किती जोरात ते त्यांनी सांगितलं होतं. किलोमीटरला सहा मिनिटांचा वेग. मी ते ऐकलं आणि निघाल्यावर विसरले. इतकी वर्षं एकाच वेगात पळाल्यावर 'जोरात' म्हटलं की पाय सुटतातच. पहिल्या दोन मिनिटांत मी दिव्यांचे अकरा खांब मागे टाकले. दुसऱ्या वेळी दहा. तिसऱ्या वेळी साडेआठ. चौथ्या वेळी छातीत आग, तोंडाला पत्र्याची चव, सात खांब. पाचव्यात सहा खांबांनंतर मी कट्ट्याला हात टेकून उभी राहिले. पोटातून उलटी वर येत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. हे आपल्याच्याने होणार नाही, हे माझ्या मनात तेव्हा अगदी स्पष्ट होतं.

सर शेजारी आले. पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "इंटरव्हल कशाला म्हणतात?" मी म्हटलं, जोरात पळतो त्या तुकड्याला. ते म्हणाले, "नाही. मधल्या विश्रांतीला."

मग त्यांनी १९३० च्या दशकातल्या जर्मनीची गोष्ट सांगितली. तिथे वोल्डेमार गेर्शलर नावाचे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल नावाचे हृदयाचे डॉक्टर होते. ते धावपटूला छोट्या अंतरावर पळवून नाडी १८० पर्यंत नेत आणि मग थांबवून घड्याळ लावत. नव्वद सेकंदांच्या आत नाडी १२० वर उतरली तर पुढचा तुकडा. नाही उतरली तर आधीचा तुकडा फार जोरात झाला होता किंवा आजचं काम संपलं. हृदय बळकट होतं ते या उतरत्या काळात, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या हाताखालच्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ मध्ये ८०० मीटर १:४६.६ मध्ये पळून विश्वविक्रम केला आणि तो सोळा वर्षं टिकला. पुढच्या संशोधनात जोराच्या तुकड्यालाही त्याचं श्रेय मिळालं, पण नाव विश्रांतीचं पडलं ते पडलंच.

मला यातून वापरता येण्यासारखी एक गोष्ट मिळाली. तुकडा संपला की दोन बोटं गळ्याच्या बाजूला, १५ सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचे. मग नव्वद सेकंदांनी पुन्हा. १२५ च्या खाली आली असेल तर पुढचा तुकडा, नाहीतर आणखी अर्धा मिनिट चालायचं. दोनदा लागोपाठ उतरली नाही तर घरी. छातीचा पट्टा किंवा महागडं घड्याळ काहीही लागलं नाही.

२३ जुलैला पुन्हा पाच वेळा. या वेळी सर म्हणाले, "नऊ खांब. साडेनऊ झाले तरी मी ओरडणार." पहिला तुकडा इतका सोपा वाटला की काहीतरी चुकतंय असंच वाटलं. दुसरा नऊ. तिसरा नऊ, आता श्वास ऐकू येत होता. चौथा नऊ. पाचव्याला नववा खांब गाठायला खरंच जोर लावावा लागला, पण गाठला. त्यानंतर मी उभी होते, बोलू शकत होते आणि आणखी एखादा झाला असता असं वाटत होतं. सर म्हणाले, ते 'आणखी एखादा झाला असता' घेऊन घरी जायचं. आदल्या आठवड्यात एकूण बेचाळीस-त्रेचाळीस खांब, या आठवड्यात पंचेचाळीस. आणि बँकेत दिवसभर माणसासारखं काम करता आलं.

बाकीच्या दिवसांचा वेग मला जास्त जड गेला. सरांनी सोमवार-बुधवार-शनिवारला ७:४५ चा वेग सांगितला. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, हीच खूण. पहिले पंधरा दिवस मला लाज वाटायची. ओळखीचे पळणारे मागून येऊन विचारायचे, काय, पाय दुखतोय का? मी 'हो' म्हणून मोकळी व्हायचे, नंतर खरं सांगायला लागले. पण ऑगस्टच्या मध्यावर लक्षात आलं की मंगळवारी मी ताज्या पायांनी उभी राहते. चार वर्षं मी रोज थोडी थोडी दमत होते आणि त्यालाच सराव म्हणत होते.

ऑगस्टमध्ये पाचाचे सहा झाले, मग सात. पाऊस धो-धो असला की वाट निसरडी व्हायची; त्या दिवशी ठरवलेला वेग सोडून फक्त श्वासावर पळायचं. याला फार्टलेक म्हणतात, स्वीडिश शब्द, अर्थ 'वेगाचा खेळ'. तो तिथले प्रशिक्षक गोस्टा होल्मर यांनी रुजवला. पुढच्या बाकापर्यंत जोरात, त्यापुढच्या झाडापर्यंत सावकाश. मोजमापाची भीती वाटणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

सप्टेंबरमध्ये मी चूक केली. बरं चाललंय म्हणून एकाच आठवड्यात तुकडे सातावरून नऊ केले आणि एकूण अंतर ३२ वरून ४० वर नेलं. सरांना न विचारता. गणपतीच्या धावपळीत झोपही पाच तासांवर आली होती. १० सप्टेंबरला उजव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं. फिजिओथेरपिस्टने हाडावरून अंगठा दाबत नेला. दुखणं चांगलं वीतभर पसरलेलं होतं, त्यामुळे ती निर्धास्त झाली. एकाच बिंदूवर नाण्याएवढ्या जागेत दुखलं असतं तर हाडाला बारीक चीर असल्याची शंका घेऊन एमआरआय करावा लागला असता. बारा दिवस पळणं बंद. चार बैठका, प्रत्येकी ७०० रुपये. घरी रोज जिन्याच्या पायरीच्या कडेवर टाचा उचलण्याचे १५-१५ चे तीन सेट. हा व्यायाम मी आजही दात घासताना करते.

बारा दिवस मी चिडचिडी होते. अनंत चतुर्दशीला खिडकीत उभी राहून ढोल ऐकत होते आणि सगळं परत शून्यावर गेलं असं वाटत होतं. तसं काही गेलं नव्हतं. २४ सप्टेंबरला चार तुकडे केले, नऊ खांब अजून जागेवर होते. त्यानंतर नियम एकच: एका आठवड्यात एकतर अंतर वाढेल किंवा वेग, दोन्ही कधीच नाही.

पावसाळा सरत आला तसे सर ट्रॅकचं बोलायला लागले. खांब मोजून कळतं तितकं कळलं, आता खरे ४०० मीटर हवेत. मुंबईत सिंथेटिक ट्रॅक मोजकेच आहेत आणि सामान्य माणसाला त्यावर पाय ठेवायचा तर पास लागतो. मी उपनगरातल्या एका क्रीडासंकुलात अर्ज केला. कोणाला उपयोग होईल म्हणून हा भाग सविस्तर सांगते.

३ ऑक्टोबरला अर्धी रजा टाकून गेले, कारण ऑफिसची वेळ सकाळी ११ ते ४, म्हणजे माझ्या बँकेचीच. फॉर्म ५० रुपये. सोबत आधारची झेरॉक्स, पांढऱ्या पार्श्वभूमीचे दोन फोटो, एमबीबीएस डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट. १० तारखेला सगळं घेऊन गेले तर सर्टिफिकेटवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता, आणि 'पळताना इजा झाल्यास संकुल जबाबदार नाही' असं हमीपत्र स्टॅम्पपेपरवर हवं असं तेव्हा पहिल्यांदा कळलं. फॉर्मवर त्याचा उल्लेख नव्हता. मध्ये दसरा आला. १८ तारखेला स्टॅम्पपेपर आणायला गेले तोवर राज्यात शंभराचा बंद होऊन पाचशेचा लागू झाला होता. आठवडाभर आधी कळलं असतं तर चारशे रुपये वाचले असते. नोटरीचे १५० वेगळे. २१ तारखेला पैसे भरायला गेले तर कॅशची खिडकी एकला बंद होते असं समजलं. मी पोचले तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. तीन महिन्यांचे २,४०० आणि परत मिळणारं १,००० रुपये डिपॉझिट. खिडकीमागच्या बाईंनी पावती देताना सांगितलं, "मूळ पावती जपून ठेवा, झेरॉक्सवर डिपॉझिट मिळत नाही." ती पावती मी देवघरातल्या डब्यात ठेवली. तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच फेरीत तीन गोष्टी विचारा: हमीपत्र लागतं का, कॅश किती वाजेपर्यंत, आणि पासवर सकाळची नेमकी कुठली वेळ मिळते.

२२ ऑक्टोबर, पहाटे पाचची स्लो लोकल, सहाला ट्रॅकवर. तांबडा ट्रॅक, पांढऱ्या रेषा, आणि त्यावर बारा-चौदा वर्षांची मुलं हरणासारखी पळताहेत. मी कडेला बुटांची नाडी दोनदा सोडून बांधली. त्यांच्या प्रशिक्षकांनी नीट समजावलं: आतल्या दोन लेन मुलांच्या, तुम्ही चौथीत पळा, ओलांडताना डावीउजवीकडे पाहा, आणि मागून 'ट्रॅक' अशी हाक आली की बाहेरच्या बाजूला सरका.

सरांनी तोवर ४०० मीटरला २:२२ दिला होता. पहिला तुकडा २:३०. दुसरा २:३०. तिसऱ्याला जोर लावला, २:२८ आणि नाडी नव्वद सेकंदांत १४० च्या खाली येईना. २९ तारखेला, धनत्रयोदशीला, तेच. ५ नोव्हेंबरला तेच. तीन मंगळवार. लोकलमधून परतताना मी खिडकीकडे तोंड करून बसायचे. एवढे कागद, एवढ्या रजा, पहाटेची लोकल, आणि खांबांवर जमलेला वेग ट्रॅकवर येतच नव्हता.

१२ नोव्हेंबरला सर माझ्याबरोबर आले. एक तुकडा त्यांनी नुसता पाहिला. मग विचारलं, "निघता कुठून आणि थांबता कुठे?" मी अंतिम रेषा दाखवली. तिथून निघते, एक फेरी, तिथेच थांबते. ते काही न बोलता माझ्या लेनमधून पुढे चालत गेले आणि वळणावरच्या एका पांढऱ्या आडव्या रेषेवर बुटाचं टोक ठेवून उभे राहिले. "चौथ्या लेनचे ४०० मीटर इथून सुरू होतात."

४०० मीटर फक्त सगळ्यात आतली लेन असते. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद, त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक लेनला फेरी सात मीटरहून जास्त वाढते. चौथ्या लेनची पूर्ण फेरी ४२२ मीटरची. शर्यतीत खेळाडू वळणावर तिरपे, एकापुढे एक उभे असतात ते याचसाठी. मी तीन आठवडे प्रत्येक तुकड्यात २२ मीटर जास्त पळत होते आणि माझ्या वेगाला त्याचे बरोबर आठ सेकंद होतात. मी त्या रेषेवरून निघाले. २:२२. पुढचा २:२१. पुढचा २:२२. तिसऱ्यानंतर मला रडू आलं, आणि सर दुसरीकडे बघत उभे राहिले.

जीपीएसच्या घड्याळावर ट्रॅकवर विसंबू नका हेही तेव्हाच कळलं. वळणांवर ते मनाला येईल ते अंतर दाखवतं. साधं स्टॉपवॉच आणि जमिनीवरची रेषा पुरते.

पुढच्या आठवड्यात विधानसभेची निवडणूक. २० ला मतदान, २३ ला मोजणी, संकुल आठवडाभर बंद. पासाची मुदत त्याबद्दल वाढवून मिळत नाही असं सांगितलं. २६ नोव्हेंबरपासून ८०० मीटरचे तुकडे सुरू झाले, ४:४८ ला एक, असे चार. मग १००० मीटरचे तीन, ५:५८ च्या आसपास. जोराचं एकूण अंतर सर तीन किलोमीटरच्या आसपासच ठेवायचे. आठवड्याच्या एकूण अंतराच्या आठ टक्के, हा त्यांचा हिशेब. आठवडा आता ३८-४० किलोमीटरचा होता आणि त्यातला खरा जोराचा भाग एवढाच. गुरुवारी टेम्पो: २० मिनिटं ६:२० ला, दोन-तीन शब्द बोलता येतील पण गप्पा नाहीत, असा वेग. खरं सांगते, मला इंटरव्हलपेक्षा टेम्पो कठीण वाटतो. त्यात मधली विश्रांती नसते, सतराव्या मिनिटाला मन सौदे करायला लागतं. पण हाफला जे उपयोगी पडलं ते बरंचसं गुरुवारांनी दिलं असं मला वाटतं.

ऑक्टोबरच्या अखेरीस रक्त पुन्हा तपासलं होतं, हिमोग्लोबिन १२.३. त्या महिन्याच्या उकाड्यात सर प्रत्येक तुकड्याला चार-पाच सेकंद सवलत द्यायचे. मुंबईच्या दमट हवेत घाम गळतो पण सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. त्या दिवशी थंड हवेतला आकडा पकडायचा हट्ट धरला तर पुढचे चार दिवस जातात. डिसेंबरमध्ये उलटी अडचण. गारवा आला आणि धुरकंही. हवेचा निर्देशांक दोनशेच्या वर असला की मी जोराचं पळणं पुढे ढकलायचे. महापरिनिर्वाण दिनाच्या आठवड्यात शिवाजी पार्क चैत्यभूमीला येणाऱ्यांसाठी असतं, तेव्हा सावकाश दिवस फाइव्ह गार्डन्सला केले.

डिसेंबरचे दोन रविवार पेडर रोडवर. पहाटे साडेपाचला हाजीअलीकडून चढाला लागायचं, सव्वा मिनिट जोरात चढायचं, चालत उतरायचं, सहा वेळा. शर्यतीत हाच चढ दमलेल्या पायांना भेटतो. चढावर वेग बघायचा नाही, श्वास बघायचा. पावलं आखूड, नजर दहा-बारा पावलं पुढे, हात कमरेपाशी. शर्यतीआधीचे दोन आठवडे अंतर निम्मं, पण मंगळवार ठेवला: ७ जानेवारीला ४०० चे चार, १४ ला दोन. पाय इतके हलके झाले की भीती वाटायला लागली, आपण काही विसरतोय का.

१९ जानेवारी २०२५. माहीमहून पहाटेचा स्टार्ट, अंधार, शेजारी कोणीतरी 'गणपती बाप्पा' म्हणालं आणि सगळ्यांनी 'मोरया' दिला. पहिला किलोमीटर गर्दीत ६:४० गेला. जुनी मी तिथेच लोकांना चुकवत ते सेकंद भरून काढायला धावले असते. मला नऊ खांब आठवले आणि मी गर्दीबरोबर राहिले. सी लिंकवर वारा, केबलचे दिवे, हजारो बुटांचा एकसारखा आवाज. तिथे वेग ६:२५ वर बसला आणि बसूनच राहिला. अर्ध्या अंतराला १ तास ८ मिनिटं. हाजीअली मागे पडलं, पेडर रोड लागला. आजूबाजूचे बरेच जण चालायला लागले होते. मी पावलं आखूड केली आणि श्वास ऐकत चढले. वरच्या इमारतींतून लोक खाली येऊन संत्र्याच्या फोडी देत होते, एक आजी 'शाब्बास गं' म्हणाल्या, मला उत्तर द्यायला श्वास होता.

उतार, चौपाटी, मग मरीन ड्राइव्ह. तिथे सूर्य वर आला आणि शेवटचे तीन किलोमीटर मला गुरुवारच्या सतराव्या मिनिटासारखे वाटले. सौदे सुरू झाले. मी मनात तुकडे पाडले: हे ४००, आता पुढचे ४००. सीएसएमटीजवळ फिनिश ओलांडून घड्याळ थांबवलं. २:१४:३८. ठरवलं होतं २:१५. दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा सव्वा मिनिटाहून जास्त जोरात झाला होता, जे माझ्याकडून आजवर कधीच झालं नव्हतं. कडेला उभी राहून सवयीने दोन बोटं गळ्यावर ठेवली आणि नव्वद सेकंद मोजले.

संध्याकाळी पेढे घेऊन सरांकडे गेले. त्यांनी आधी शर्यतीच्या वेळेचा, चिपचा कागद पाहिला, मग पेढा घेतला, मग म्हणाले, "दहा दिवस घड्याळ लावायचं नाही."

३ फेब्रुवारीला मूळ पावती घेऊन संकुलात गेले. डिपॉझिटसाठी वेगळा अर्ज, कॅन्सल्ड चेक, आणि पैसे खात्यात जमा व्हायला पंचेचाळीस दिवस, असं कळलं. खिडकीमागे त्याच बाई होत्या. त्यांनी विचारलं, काढायचंय की पुढचे तीन महिने भरायचेत? एक वाजायला वीस मिनिटं होती. मी २,४०० भरले आणि पावती परत त्याच डब्यात ठेवली. उद्या मंगळवार आहे, ४०० ला २:१६.